कॅन्सरच्या रुग्णाजवळचे माणूस आणि त्याला मिळणारा आधार

धाराशिव जिल्ह्यात कॅन्सरच्या रुग्णाजवळ राहणारे माणूस बहुतेक घरांत एकच असते, आणि ते बहुधा बाईमाणूस असते: बायको, सून, लेक किंवा आई. औषधांच्या वेळा, पथ्याचे जेवण, जखमेची पट्टी, तोंडाच्या ऑपरेशननंतर नाकातल्या नळीतून पातळ अन्न देणे, रात्रीचे जागरण, बार्शी-सोलापूर-लातूरच्या खेपा, फाईल, शिक्के, पैशांची जुळवाजुळव हे सगळे तिच्याकडे येते. धुणीभांडी, शेणघाण आणि शेतातली खुरपणी मात्र यातून वजा होत नाही. या कामाचे शिक्षण तिला कुणी दिलेले नसते आणि त्याला सुट्टीही नसते. गावात तिच्याबद्दल कणव भरपूर असते. "काही लागलं तर सांगा," असे दिवसातून चारजण म्हणून जातात. तरीही सहा महिन्यांनी पाहावे तर सगळे काम तिचे एकटीचेच राहिलेले असते. माणसे कमी पडली म्हणून असे क्वचितच होते. कोणत्या कामाला कुणी यायचे हे ठरलेलेच नसते, म्हणून होते. मदत मिळवणे हेही आजारपणातले एक काम आहे आणि उपचाराच्या तारखांप्रमाणेच त्याची आखणी करावी लागते.

सामाजिक आधाराचे चार प्रकार अभ्यासक मानतात. जेम्स हाऊस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये केलेली ही मांडणी आजही वापरली जाते: मनाला धीर देणारा आधार, प्रत्यक्ष कामातला आधार, माहितीचा आधार आणि 'तू करतेस ते बरोबर आहे' असे सांगणारा आधार. एकाच माणसाकडून चारही मिळतील अशी अपेक्षा धरली की नाराजी ठरलेली. पुण्यात नोकरीला असलेला दीर रात्री जागायला येऊ शकणार नाही, पण रुग्णालयाची चौकशी तो उत्तम करील. शेजारची म्हातारी फाईल वाचू शकणार नाही, पण दुपारी दोन तास रुग्णाजवळ बसेल. चौथा प्रकार सर्वांत दुर्मिळ. तो देणारे माणूस बहुधा या वाटेने आधी गेलेले असते.

कागदावरची वाटणी

निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, बोलणारे माणूस कोण. धाराशिवच्या खेड्यात सुनेने भावकीकडे मदत मागणे अजूनही अवघड जाते. मागण्याचा मान सासऱ्याचा, थोरल्या दिराचा किंवा सासूचा असतो. ज्या घरात काम सून करते आणि मागण्याचा हक्क दुसऱ्याकडे असतो, तिथे गरज दारातून बाहेरच पडत नाही. म्हणून घरातल्या कर्त्या माणसाने, नाहीतर रुग्णाने स्वतः, भावकीत एकदा स्पष्ट सांगावे की पुढचे काही महिने मदतीबद्दल अमक्याशी बोलायचे. हे काम रुग्णाजवळच्या बाईकडे नको. तिच्या एखाद्या जावेकडे, नणंदेकडे किंवा रुग्णाच्या भावाकडे ते द्यावे. बातमी विचारणारे फोनही त्याच माणसाकडे जावेत. रोज संध्याकाळी तोच तो अहवाल दहाजणांना सांगणे ही मोठी दमणूक असते, आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेल्या एका निरोपाने ती टळते.

दुसरी गोष्ट म्हणजे कागद. वहीच्या पानावर आठवड्याचे वार आडवे आणि कामे उभी मांडावीत. भूम तालुक्यातल्या एखाद्या घराचा कागद साधारण असा होईल. सोमवार ते शुक्रवार शेक (रेडिएशन), बार्शी. सकाळच्या एसटीने जाताना सोबत सोमवारी आणि मंगळवारी पुतण्या, बुधवारी बायको, पुढचे दोन दिवस मेहुणा. म्हशीची सकाळची धार आणि डेअरीला दूध घालणे शेजारच्या घराकडे, दुधाचा हिशेब पंधरवड्याला. मुलांचा डबा चुलतीकडे. रविवारी दुपारी बारा ते पाच रुग्णाजवळ थोरली नणंद, आणि त्या पाच तासांत बायकोने झोपायचे. शेवटची ओळ पुष्कळ जण लिहीत नाहीत. ती लिहिली नाही तर रविवारही पाहुण्यांच्या चहात जातो.

मागणी जितकी लहान आणि नेमकी, तितकी ती पुरी होते. 'आम्हाला आधार द्या' याला नकार कुणी देत नाही आणि होकारही देत नाही. 'येत्या गुरुवारी सकाळी सातला मोटारसायकलवर यांना स्टँडवर सोडाल का?' याला मात्र हो किंवा नाही एवढेच उत्तर असते. नाही आले तर दुसऱ्याला विचारता येते, आणि नाही म्हणणाऱ्याबद्दल मनात अढी धरण्याचे कारण नसते.

उपचाराच्या टप्प्याप्रमाणे कागद बदलावा लागतो. तपासण्यांच्या दिवसांत धावपळ करणारा आणि वाचता-लिहिता येणारा माणूस लागतो. ऑपरेशनच्या वेळी रक्त देणारे आणि रात्री थांबणारे लागतात. शेकाचा कोर्स बहुधा पाच ते सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस चालतो. तिथे रोजचा प्रवास किंवा मुक्काम हाच प्रश्न असतो. केमो बहुधा तीन आठवड्यांच्या अंतराने असते. सलाईन झाल्यावर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा माणसांची गर्दी उलट धोक्याची ठरते. त्या दिवसांत ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा असतो. म्हणून रात्री गाडी काढू शकणाऱ्या दोघांचे नंबर कागदाच्या डोक्यावर आधीच लिहिलेले असावेत.

भेटायला येणारे

आजाऱ्याला भेटायला जाणे हे आपल्याकडे कर्तव्य मानले जाते आणि न जाणे वर्षानुवर्षे लक्षात राहते. त्यामुळे जीप भरून सोयरे येतात, ओसरीवर सतरंजी पसरली जाते, चहा होतो, आणि जेवणाची वेळ झाली तर पिठल्याचा तवाही चढतो. येणाऱ्यांची भावना खरी असते, पण या भेटीचा सगळा भार पडतो रुग्णाजवळच्या बाईवर. शिवाय भेटीत तीच कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते, कुणाच्या तरी गावातला याच आजाराने गेलेला माणूस आठवला जातो आणि झाडपाल्याच्या औषधाचा एखादा पत्ता हाती पडतो. आधार म्हणून आलेली गोष्ट ओझे होऊन बसते, ती इथे.

यावर उपाय भेटी बंद करण्याचा नाही. खेड्यात ते जमतही नाही आणि जमवूही नये, कारण ही माणसेच पुढे शेतात उभी राहणार असतात. भेटीला वेळ आणि काम लावून द्यावे. केमोनंतरचे दहा-बारा दिवस डॉक्टरांनी गर्दी नको म्हटले आहे, एवढे एक वाक्य घरातल्या पुरुषमाणसाने ओसरीवरच सांगावे. डॉक्टरांचे नाव पुढे केले की कुणाचा मान दुखावत नाही. ज्यांना यायचेच आहे त्यांनी येताना भाकरी-भाजीचा डबा आणावा किंवा जाताना गिरणीतून दळण आणून द्यावे, असे बोलणाऱ्या माणसाने आधीच सुचवावे. रुग्णाजवळ बसणाऱ्याने आजाराखेरीज दुसरे काहीही बोलावे. पाऊस, बाजारभाव, कारखान्याचे बिल, नातवाची शाळा हे विषय चांगले.

कॅन्सर स्पर्शाने, ताटवाटीने किंवा एका खोलीत राहिल्याने पसरत नाही. तरीही काही घरांत रुग्णाची भांडी वेगळी काढली जातात आणि लहान मुलांना जवळ जाऊ देत नाहीत. हा गैरसमज घरच्यांनी खोडून काढायला गेले तर वाद होतो. तेच आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून किंवा आशाताईंकडून चारचौघांत सांगितले गेले की पटते. अर्धवट ज्ञानाचे सल्ले देणाऱ्यांशी रुग्णाजवळच्या बाईने हुज्जत घालू नये. 'डॉक्टरांना विचारून सांगते' हे उत्तर पुरेसे असते, आणि औषध खरोखर विचारूनच द्यावे, कारण काही काढे आणि भस्मे केमोच्या काळात यकृत-मूत्रपिंडाला बाधतात.

शेत आणि जनावरे

जिल्ह्यातल्या बहुतेक कुटुंबांचे वर्ष मृगाच्या पेरणीपासून सोयाबीनच्या काढणीपर्यंत आणि पुढे ज्वारी-हरभऱ्यापर्यंत बांधलेले असते. उपचाराची तारीख या वेळापत्रकाला विचारून येत नाही. जूनमध्ये शेक सुरू झाला तर पेरणी चुकते, ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन आले तर उभे सोयाबीन पावसात सापडते. डॉक्टरांना तारीख पुढे ढकलायला सांगणारी कुटुंबे याच हिशेबात अडकलेली असतात, आणि तो हिशेब महागात पडतो.

इथे गावाची जुनी रीत कामाला येते. सावडीने एकमेकांच्या शेतात राबणे आणि इर्जिकेला जेवण घालून काम उरकणे हे जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. यंत्रे आली तरी ट्रॅक्टरवाला, पेरणी यंत्र आणि चार माणसे एका दिवशी लागतातच. तारीख ठरताच भावकीला बोलावून पेरणी, फवारणी किंवा काढणी यापैकी एक काम एका घराकडे द्यावे. बियाणे-खताचा खर्च आणि मजुरी कुणी कशी उचलायची हे त्याच बैठकीत बोलून घ्यावे. नात्यातल्या मदतीत पैशांचे बोलणे कमीपणाचे वाटते, पण न बोललेला हिशेबच पुढे दोन भावांच्या कोर्टकज्ज्यापर्यंत जातो. जमीन एका हंगामासाठी बटईने देणे हाही मार्ग आहे. शेळ्या आणि म्हशी मात्र विकायची घाई करू नये. उस्मानाबादी शेळी ही या भागातल्या बाईची बँक असते, आणि रोख गरज कोर्सच्या सुरुवातीपेक्षा मध्यावर जास्त भासते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण वेगळी आहे. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन निघावे लागते. रुग्णाला म्हाताऱ्यांकडे सोडून जोडप्याने जायचे की एकाने मागे राहायचे, याचा निर्णय निदान होताच घ्यावा. मागे राहणाऱ्याकडे गावातले नाते पातळ असेल तर शाळेतले शिक्षक, आशाताई आणि ग्रामपंचायतीचा सदस्य यांना परिस्थिती आधी सांगून ठेवावी. घरातल्या थोरल्या मुलीला शाळेतून काढून आजाऱ्याजवळ बसवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. सवलत मिळेल का, परीक्षा पुढे-मागे होईल का, वसतिगृहात सोय होईल का, हे मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये.

गावातली माणसे

आजाराची बातमी माणसांमार्फत गावोगाव नेण्याचे काम या जिल्ह्यात पूर्वीच झाले आहे, आणि तेही जगाने दखल घ्यावी इतके. शेजारच्या बार्शीत डॉ. बी. एम. नेने यांनी उभारलेल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाकडे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्यात बार्शीबरोबर परंडा आणि भूम हे तालुके होते. नोंदणीचे कार्यकर्ते दवाखान्यात बसून रुग्णांची वाट पाहत नसत. ते गावोगाव फिरत, लोकांशी बोलत, कुणाला काय त्रास आहे ते विचारत. या बोलण्यातून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागले. पुढे १९९९ पासून धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुख तपासणीचा मोठा अभ्यास झाला. त्यात बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियों इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सहभागी होती. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची एकदा तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न केलेल्या गटात ६४. दुसऱ्या गटात स्त्रियांची संख्या थोडी कमी असूनही हा फरक होता. तपासणीला बायका आल्या त्या घरोघर जाऊन समजावणाऱ्या कार्यकर्त्या होत्या म्हणून.

तपासणीसाठी चालली ती वाट काळजीसाठीही चालू शकते. गावात पहिली ओळख आशाताईंची. औषधोपचार हे त्यांचे काम नाही, पण घरी येऊन पाहणे, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांपर्यंत निरोप नेणे, पट्टी बदलायला परिचारिका बोलावणे, १०८ची गाडी मागवणे हे त्या करतात. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने गावातल्याच बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. उमरगा-लोहारा भागात १९९३च्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामातून बायकांचे गट उभे राहिले, आणि स्वयं शिक्षण प्रयोगासारख्या संस्थांनी त्यांना पुढे नेले. सरकारी दारात बाईने एकटीने जायचे नसते, चौघींनी मिळून जायचे असते, हे त्या पिढीच्या बायका घर बांधणीच्या काळातच शिकल्या. तहसीलला किंवा बँकेत जाताना अशा गटातली एखादी सोबत असली की खेप वाया जात नाही.

बचत गटाकडून अडीनडीचे कर्ज मिळते ते सावकारापेक्षा केव्हाही परवडते. पण गटाचा खरा उपयोग त्याच्या बैठकीत आहे. महिन्यातून एकदा घराबाहेर पडायला तो घरच्यांनाही मान्य असलेला बहाणा असतो. रुग्णाजवळच्या बाईची बैठक चुकू लागली तर गटातल्या बायकांनी तिच्याकडे जावे, आणि शक्य असेल तर एक बैठक तिच्याच अंगणात घ्यावी. भजनी मंडळ आणि हरिपाठाचेही तसेच. देवाधर्माची ओढ असलेल्या रुग्णाला संध्याकाळचा तासभर सोबत मिळते आणि तेवढ्या वेळात घरचे माणूस मोकळे होते.

असे विखुरलेले साहाय्य एका दोरीत ओवण्याचे काम केरळात झाले. कोझिकोडच्या पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटीने १९९३ पासून सुरू केलेल्या कामातून पुढे मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे तयार झाले. थोडे प्रशिक्षण घेतलेला शेजारी आठवड्यातले काही तास एका ठरलेल्या घराला देतो आणि परिचारिका व डॉक्टर त्याच्या मागे उभे असतात. तिथली पंचायतींची ताकद आपल्याकडे नाही हे मान्य करूनही, एका गावात चार माणसांनी चार घरे वाटून घेणे धाराशिवमध्ये अशक्य नाही. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचे केंद्र १९८०च्या दशकापासून आहे. समाजकार्याचे विद्यार्थी जिथे क्षेत्रकार्याला येतात त्या गावांनी हा विषय त्यांच्यापुढे जरूर मांडावा.

दवाखान्यातला आणि मुक्कामाचा आधार

मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांइतकेच महत्त्वाचे दोन माणसांचे टेबल असते, आणि तिथे जायचे असते हेच कित्येकांना ठाऊक नसते. एक आरोग्यमित्राचे, दुसरे समाजसेवा अधीक्षकाचे. योजना, सवलतीची पत्रे, धर्मशाळेची शिफारस, मदत देणाऱ्या संस्थांचे अर्ज हे सगळे त्यांच्याकडून होते. पहिल्याच दिवशी त्यांची गाठ घ्यावी आणि नाव वहीत लिहून ठेवावे.

परंडा, भूम, वाशीच्या लोकांना बार्शी जवळ पडते. उमरगा, लोहारा, कळंबच्या लोकांना लातूर किंवा सोलापूर. मुंबईला टाटाला जायचे तर लातूर-मुंबई गाडी धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडीवरून जाते. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण, तर सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रेल्वेच्या ठराविक नमुन्यावर रुग्णालयाच्या डॉक्टरांची सही लागते. एसटीतही कॅन्सरच्या रुग्णांना सवलत आहे, आणि सोबतचे माणूस बाई असेल तर १७ मार्च २०२३ पासून तिला तसेही अर्धेच तिकीट पडते.

मुंबईत दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही रुग्ण व नातेवाइकांच्या मुक्कामाची जुनी ठिकाणे. लहान मुलाला कॅन्सर असेल तर सेंट ज्यूडच्या केंद्रांत आई-वडिलांसह राहण्याची सोय होते. जागा सहज मिळत नाही, म्हणून रुग्णालयाचे पत्र, फाईल आणि ओळखपत्र बरोबर ठेवून आल्या दिवशीच नाव द्यावे. अशा ठिकाणी स्वस्त खाटेपेक्षाही मोठी गोष्ट मिळते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने तीच केमो चार महिने आधी सुरू केलेली असते. तोंडात फोड आले की काय खायला द्यायचे, कोणत्या खिडकीला सकाळी सहाला रांग लावायची, केस गळायला लागले की रुग्णाशी काय बोलायचे, हे तो सांगतो, आणि त्याचे सांगणे पटते. बार्शी-सोलापूरच्या प्रतीक्षागृहातही अशी ओळख होते. ती तिथेच संपू देऊ नये, नंबर घ्यावा. मुंबईत व्ही केअर फाउंडेशन, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि १९५१ पासून काम करणारी इंडियन कॅन्सर सोसायटी यांच्याकडे माहिती, समुपदेशन आणि काही प्रमाणात आर्थिक मदत मिळू शकते.

हडपसर, पिंपरी-चिंचवड आणि ठाणे-कल्याणमध्ये धाराशिवची पुष्कळ माणसे कामाला आहेत. गावाकडच्या रुग्णाला ठेवून घेण्याइतकी त्यांची खोली मोठी नसते, आणि तशी गळ घातली की नाते ताणले जाते. त्यांच्याकडून मागायचे ते वेगळे: केसपेपर काढणे, रिपोर्ट आणणे, ऑनलाइन नाव नोंदवणे, डॉक्टरांचे बोलणे ऐकून ते गावाकडे नीट सांगणे.

पैसा आणि कागदपत्रे

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, शेक आणि केमो यांचा समावेश आहे. २०२३च्या निर्णयाने ती राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारकांना खुली झाली आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतची मर्यादा आली. चौकशी १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकांवर करता येते. उपचार सुरू होण्याआधी मंजुरी घ्यावी लागते. आधी पैसे भरून नंतर योजना मागणारे अडकतात. रेशनकार्ड आणि आधारवरचे नाव जुळत नसणे ही नेहमीची अडचण आहे, ती बायोप्सीचा अहवाल येईपर्यंतच्या दिवसांत दुरुस्त करून घ्यावी. पुणे-मुंबईच्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात होते. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा १५०० रुपये मिळू शकतात आणि अर्ज तहसीलला करायचा असतो. हे सगळे अर्ज रुग्णाजवळच्या बाईने करायचे नाहीत. गावातला एखादा कॉलेजचा मुलगा किंवा सेवा केंद्र चालवणारा हे काम अंगावर घेतो, त्याच्याकडे कागदांच्या छायाप्रतींचा एक जुडगा देऊन ठेवावा.

मनावरचा भार

रुग्णाला आजाराचे नाव सांगायचे नाही असे बहुतेक घरांत ठरते. 'गाठ आहे, निघून जाईल' एवढे सांगितले जाते. हे लपवण्याचे काम रुग्णाजवळच्या माणसाला चोवीस तास करावे लागते. रडायचे तर गोठ्यात, बोलायचे तर दबक्या आवाजात. बहुतेक रुग्णांना केमोच्या वॉर्डात बसल्यावर सगळे उमगतेच, आणि मग दोघेही एकमेकांपासून तेच लपवत राहतात. किती सांगायचे आणि कसे, यासाठी डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची मदत मागावी. रुग्णाला कळले की निर्णयांचा भार निम्मा होतो.

झोप उडणे, सतत चिडचिड, जेवण न जाणे, छातीत धडधड, 'यांच्याआधी मीच जाईन' असे बोलणे ही चिन्हे रुग्णाजवळच्या माणसात दोन आठवडे टिकली तर तो आजार समजावा. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हा जिल्हा पोळलेला आहे. कर्ज आणि आजारपण एकाच घरात आले असेल तर मरणाचे बोलणे रागाच्या भरातले समजून सोडू नये, आणि तणनाशक-कीटकनाशकाचे डबे घरातून हलवावेत. रुग्णाजवळच्या माणसाच्या स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चुकत नाहीत ना, हे आशाताईंनी दर फेरीत विचारावे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तोंडाची, आणि बायकांची स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी आरोग्य केंद्रात होते. रुग्णाच्या घरातल्यांनी ती टाळू नये.

रुग्ण बाई असेल तर हे सगळे गणित उलटते. पिशवीच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरने अंथरुण धरलेली बाई बहुधा घराची काळजी घेणारीच असते, आणि तिच्याजवळ बसायला घरात कुणाला सवय नसते. नवरा दवाखान्याच्या खेपा करतो, पण अंग पुसणे, पट्टी बदलणे त्याला येत नाही किंवा संकोच वाटतो. मग तिला माहेरी पाठवले जाते. माहेरची माणसे करतातही, पण म्हाताऱ्या आईवर सगळे टाकून सासर मोकळे होणे योग्य नाही. खर्च, प्रवास आणि औषधे सासरने, सेवा माहेरने, अशी वाटणी दोन्ही घरच्या मोठ्यांनी बोलून करावी. परिचारिकेने दोनदा दाखवले की पट्टी बदलायला नवराही शिकतो.

उपचार थांबल्यावर

आजार बरा होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर दवाखान्याच्या खेपा थांबतात आणि नेमक्या त्याच वेळी माणसेही पांगतात. काळजीचे सर्वांत कठीण आठवडे इथून पुढे असतात. वेदना सोसायची नसते, तिच्यावर तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनसह औषधे आहेत आणि ती नियमाने घ्यायची असतात. जिल्हा रुग्णालयातल्या असंसर्गजन्य रोग कक्षात किंवा उपचार करणाऱ्या रुग्णालयात उपशामक सेवेबद्दल स्पष्ट विचारावे. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचे केंद्र १९९७ पासून ही सेवा मोफत देते, आणि तिथे रुग्णाबरोबर घरच्या माणसालाही ठेवून घेऊन काळजी कशी घ्यायची ते शिकवतात. रात्रीच्या जागरणाच्या पाळ्या याच काळात लावाव्या लागतात: दोन रात्री एकाने, दोन रात्री दुसऱ्याने, आणि रुग्णाजवळच्या बाईने मधल्या रात्री दुसऱ्या घरी जाऊन झोपायचे.

मृत्यूनंतर तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. चौदाव्या दिवसापासून कागदांची कामे एकटीच्या अंगावर येतात. ग्रामपंचायतीतला मृत्यूचा दाखला, वारसनोंद आणि सातबाऱ्यावरचा फेरफार, बँक व सोसायटीच्या खात्यातली रक्कम आणि कर्ज, विम्याचा दावा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार रुपये, आणि विधवेला संजय गांधी योजनेचा स्वतंत्र अर्ज. वारसनोंदीत बायकोचे आणि मुलींचे नाव लागले की नाही हे तलाठ्याकडे जाऊन पाहावे, आणि त्या दिवशी तिच्यासोबत बचत गटातली किंवा माहेरची एखादी शहाणी बाई असावी.